अलनिफमध्ये डोळा उघडताना

दगडातला डोळा उघडायला मला सहा दिवस लागतात.
हवेची सुई, ब्रश, पुन्हा सुई.
धूळ माझ्या डोळ्यात, आणि त्याचा डोळा मोकळा.
चाळीस कोटी वर्षं त्याला पापणीच नव्हती,
मिटणार कसा?

आज दोन गिऱ्हाइकं आली, एकाच जीपमधून, भांडतच.
वीब्रांड, आयुष्यभर चष्म्याची भिंगं घासून निवृत्त झालेला.
त्याने ट्रायलोबाइट उन्हात धरला,
कॅल्साइटची भिंगं एकेक करून मोजली, म्हणाला,
"हे कोणीतरी बसून केलंय.
अर्धा डोळा काय चाटायचाय?"

गुड्रूनने चहाच्या पेल्यात बोट बुडवून
माझ्या ओट्यावर ठिपका काढला.
आधी एवढंच. उजेड आहे, उजेड नाही.
मग ठिपका खोल गेला, वाटी झाला,
वाटीचं तोंड आवळलं
तोवर पहिला ठिपका वाळून गेला होता.
इथलं ऊन कुणाचंच पूर्ण ऐकून घेत नाही.

मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
माझी आई, इत्तो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
दारात कोण उभं ते सावलीच्या रुंदीवरून ओळखते,
शेळी पिठाकडे वळली की काठी बरोबर बसते.

आणखी एक, जे विचारूनही सांगितलं नसतं.
विहीर आटली त्या दोन वर्षांत
मी डोळे बनवलेत.
राळ, गाडीच्या पत्र्याला भरतात ती लुकण,
आणि बास्सूमामाचा साचा.
भिंगं सारखी, ओळी सरळ,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
असले डोळे मी कुठल्याही ढिगात ओळखतो.

वीब्रांडच्या हातातल्या डोळ्यात
चौथ्या ओळीत एक भिंग कमी होतं,
शेजारची दोन तिकडे कललेली,
रांगेतला माणूस निघून गेल्यावर मागचे सरकतात तशी.

तो त्यानेच घेतला. घासाघीस न करता.
गुड्रूनने निवडला तो लहान, बिनडोळ्यांचा,
खोल पाण्यातल्या आंधळ्या जातीचा.
"याच्या पूर्वजांना होते," ती म्हणाली,
कुणाला, ते कळलं नाही.
वीब्रांड तोवर गाडीत बसला होता.

जीप गेली. धूळ बसायला वेळ लागला.
आईने आतून विचारलं,
"गेले का? तो उंच,
आणि ती, सारखी हात हलवणारी?"

हो म्हटलं,
आणि पुढचा दगड ओढला.