डिसेंबरची गाडी

बाणेरच्या शोरूममध्ये कापसाचा बर्फ पडलाय.
वॉशिंगच्या अल्ताफला सांता केलंय,
चहा पिताना तो दाढी हनुवटीखाली ओढतो.
काचेवर खटावकर साहेबांनी स्वतः चिकटवलंय:
वर्षअखेर. सात लाखांपर्यंत सूट.
त्यातलं "पर्यंत" एवढं बारीक
की वाचायला वाकावं लागतं,
आणि माणूस वाकला की पोरं कॉफी घेऊन येतात.

मी यार्डातला. गाड्या हलवतो.
एक कोटी दहाची इकडून तिकडे,
पंच्याऐंशीची तिकडून इकडे.
वीसच्या वर काटा कधी नेला नाही.
तरी डिलिव्हरीच्या दिवशी गाडीवर
जे आठ, नऊ, अकरा किलोमीटर दिसतात
ते माझे असतात.

धायरीच्या पोकळ्यांची निळी गाडी
चौदा तारखेपासून तयार आहे.
मुलगा म्हणतो, पासिंग जानेवारीतच करा,
दोन आठवड्यांपायी गाडी वर्षानं म्हातारी कशाला,
विकताना चार लाख जातील.
गाडी अजून घरी नेली नाही
आणि हा विकायचं बोलतो.
आजी म्हणतात, पुढं पौष लागतोय,
पौषात नव्या वस्तूला हात लावू द्यायची नाही मी.
खटावकरांनी दोघांचंही ऐकलं.
बिल डिसेंबरचं, नंबर जानेवारीचा,
पूजा मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी.

ग्रॅनाइटवर नारळ फोडायला बंदी,
म्हणून तो बाहेर फुटला, जनरेटरच्या कट्ट्यावर.
आजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं,
जरा डावीकडे कललेलं.
निघताना मला म्हणाल्या, "पुसू नको हां, लेकरा."
मग सगळे जुन्या गाडीतून घरी गेले.

तेव्हापासून दर तिसऱ्या सकाळी
बॅटरी उतरू नये म्हणून
मी कव्हर काढतो, गाडी चालू करतो,
यार्डाला एक फेरी मारतो.
पाषाण तळ्याकडचं धुकं काचेवर येऊन बसलेलं असतं.
हातांना गारठा झोंबतो, सीट मात्र आपोआप गरम होते,
कुणी बसलंय हे तिला कळतं.
कोण बसलंय ते कळत नाही.
मऊ फडक्यानं सगळी पुसतो
स्वस्तिकाला वळसा घालून.

आमची केतकी एकतीस डिसेंबरची.
रात्री अकरा चाळीस, ससून.
नर्स भली बाई होती. म्हणाली,
"एक तारीख टाकू का? वीस मिनिटांचा तर प्रश्न.
नाहीतर वर्गात सगळ्यांत लहान राहील पोरगी."
मी म्हटलं, झाली तेव्हा झाली.
आता प्रार्थनेच्या रांगेत ती पहिली,
सगळ्यांत बुटकी म्हणून.
फळा पुसायची पाळी आली
की वरची ओळ तशीच राहते.
बायको अजून कधीतरी म्हणते, वीस मिनिटं.
काय सांगू तिला?
विकायचा हिशेब तेव्हा सुचलाच नाही.

आज एकतीस. सहा डिलिव्हऱ्या झाल्या,
सहा लाल रिबनी, सहा वेळा तेच संगीत,
सहा वेळा टाळ्या, त्यांतल्या बऱ्याचशा आमच्याच.
सातवी राहिली. टार्गेट हुकलं.
खटावकर काचेवरचा कागद नखानं खरवडतायत,
उद्यापासून किमती तीन टक्क्यांनी वाढणार आहेत
तो कागद तिथेच लावायचाय.
अल्ताफची दाढी वॉशिंगच्या नळाला लटकतेय.

निळीला शेवटची फेरी दिली.
कुंकू फिकं झालंय, पण आहे.
काट्यावर तेरा.
उद्या पोकळ्यांचा मुलगा विचारेल, नवी गाडी आणि तेरा कसे?
साहेब म्हणतील, टेस्टिंग.

बालेवाडीच्या बाजूला कुणीतरी आधीच फटाके लावलेत.
केक सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, हेल्मेटशेजारी.
कव्हर ओढताना घड्याळ बघितलं, अकरा चाळीस.
फोन लावला.
उचलला तिनंच, झोपेतल्या आवाजात:

"बाबा, झाले का मी?"