मिठाएवढं संगीत

शाळा जूनमध्ये बंद होणार, हे मला फेरीबोटीवर कळलं.
हेल्टरमाचा धक्का अजून दिसायचा होता
आणि मी बटाट्यांच्या पोत्यावर बसले होते.
उरली होती नऊ मुलं.
एकोणतीस वर्षं या बेटावर मी शाळेची लापशी ढवळली,
आता उर्वेबाई म्हणाल्या,
फोटो तुझ्याकडेच आहेत, माइमू,
निरोपाला पडद्यावर तूच लाव काहीतरी.

फोटो चौऱ्याऐंशी, बुटांच्या खोक्यात.
एकावर बीटचा डाग होता.
तो तसाच राहू दिला.

गाणं लावायचं नाही, ही पहिली अट.
गेल्या वर्षी बंबवाल्यांच्या शंभरीला
हेल्डुरनं आवडीचं गाणं लावलं,
फीत नेटवर चढवली,
आणि दुसऱ्या दिवशी ती मुकी झाली.
शिड्या सरकतायत, हेल्मेटं सरकतायत,
खाली एकच ओळ: हक्क दुसऱ्याचे.

मग हेल्डुरचा नातू ताव्ही आला,
जुन्या लॅपटॉपवर काहीतरी उतरवून दिलं.
किती झाले? काही नाही.
मग हे आहे कुणाचं? कुणाचंच नाही. म्हणजे सगळ्यांचं.
या बेटावर तसं फक्त बर्फ मिळतं.
फुकट ते पौष्टिक, लोक म्हणतात,
पण मी स्वयंपाकीण,
फुकटाचं आधी हुंगून बघते.

पाठीमागचं संगीत असं हवं, ताव्ही म्हणाला,
की ते आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये.
म्हणजे मीठ, मी म्हटलं.
असलं तर कुणी बोलत नाही,
नसलं की पहिला घास परत ताटात.

पडद्यावर चौकटीच चौकटी.
ट्रेवर पिठाचे गोळे मांडावेत तसे मी स्वर मांडले,
सारख्या अंतरावर, फुगायला जागा सोडून.
पहिल्या रात्री पियानोवरून मांजर चाललं.
दुसऱ्या रात्री व्हायोलिन, घंटा, ढोल,
फडताळात हाताला लागेल ते घातलं
आणि सगळंच नासलं.
तिसऱ्या रात्री नुसतं काढत बसले.
तीन स्वर राहिले.
बरे होते, पण अळणी.

आमची घंटा फुटली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.
तालिनहून नवी येणार होती.
तोवर म्हणून मी मोठ्या पातेल्यावर डाव वाजवायचे,
दोनदा, थांबून एकदा,
की मुलं हात धुवायला पळायची.
ते "तोवर" अजून चालू होतं.

पहाटे शाळा उघडली, फोन कट्ट्यावर ठेवला,
डाव उचलला.
रिकाम्या शाळेत पातेलं जरा जास्तच मोठं वाजलं.

फाइल जपून ठेवताना त्या यंत्रानं विचारलं,
कर्ता कोण?
मी लिहिलं, नऊजण आणि त्याआधीचे.
मग विचारलं, वापरायला कुणाची परवानगी लागेल?
मी लिहिलं, नाही लागणार.

सभागृहात दिवे घालवले.
फोटो सरकू लागले, दात पडलेले, स्कीवरून पडलेले,
आणि संगीताकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.
मी खूश.
मग बीटच्या डागापाशी डाव वाजला,
दोनदा, थांबून एकदा,
आणि मागच्या रांगेतून इंद्रेक उठला.
चाळिशीचा, दोन बोटींचा मालक.
उठून उभा राहिला, तळवे पँटला पुसले,
आणि का उठलो ते न कळून तसाच उभा.
मग लीस उठली. मग पोस्टातली मारे.

माझा हिशेब अकरा सेकंदांनी चुकला होता.
फोटो संपले, पडदा काळा झाला,
पातेलं वाजतच राहिलं.
उभे असलेले कुणी बसले नाहीत.

ताव्हीनं ते नंतर सगळ्यांसाठी ठेवून दिलं.
परवा त्यानं दाखवलं,
लिथुआनियात कुणी ट्रॅक्टर विकतोय,
लाल, नवा कोरा, बटाट्याच्या रानातून चाललाय,
आणि त्याखाली माझा डाव.
मला कुणी विचारलं नाही.
विचारू नका, असं मीच लिहून दिलंय.
ट्रॅक्टर चांगला दिसत होता.
मीठ बेताचं होतं.