इतिवृत्तात न आलेलं

अकरा समित्यांच्या चार करायच्या,
असा विषय क्रमांक तीन.
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड
खाणीचेच, तांबडे, जड.
खाण बंद पडल्यापासून एवढ्याच कामाचे.

मी चिटणीस. लिहायचं, बोलायचं नाही.

मॉडरेटर हिवाळे म्हणाले, बंधुभगिनींनो,
साखळीत नऊ कुटुंबं उरली, डिचोलीत सतरा,
उसगावच्या मंदिराला कुलूप.
टिप्पर गेले, टिप्परवाले गेले,
कोणी बेळगावला, कोणी थेट मस्कतला,
आणि प्रेस्बिटरीच्या समित्या मात्र अकरा.
माणसांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या की
मांडव लग्नाचा वाटत नाही,
लग्न मोडल्याचा वाटतो.

हे मी लिहिलं नाही.
लिहिलं: ‘अध्यक्षांनी प्रास्ताविक केले.’

मग फळ्यावर खडूचे चौकोन.
सुवार्ता आणि वैद्यकीय सेवा एकात.
युवक, शिक्षण, रविवारची शाळा एकात.
मालमत्ता, दफनभूमी आणि हिशेब यांचं एकच ताट,
तसे जेवणारे आधीही तेच होते.
खजिनदार आवळे तेवढे खोकले.

स्त्रीसमाज कुठे घालायचा, यावर पाऊण तास.
शेवटी मार्थाबाई तोरणे उठल्या.
‘आम्ही चहा आणतो. तोवर
तुम्हांला कुठे घालायचं ते ठरवून ठेवा.’

चहा आला, उंडे आले, ठरलं काहीच नाही.
उंड्याचा चुरा नव्या घटनेच्या मसुद्यावर,
कलम सहा, पोटकलम दोन.

आणि मग जुन्या वहीतून एक नाव निघालं,
कोणत्याच चौकोनात न बसणारं.
धक्का समिती.
स्थापना एकोणीसशे एकाहत्तर.
उद्देश: नदीपलीकडून उपासनेस येणाऱ्यांसाठी
काळोखात सारमानसच्या धक्क्यावर कंदील धरणे.
तरतूद: रॉकेल, सालीना रुपये अठरा.

‘ही अजून आहे?’ घाटगे म्हणाला,
लॅपटॉपवरून मान वर न करता.
पलीकडून आता कोणी येत नाही, कुणीतरी सांगितलं.
सभासद किती?

मागच्या बाकावर हालचाल झाली.
आधी काठी उठली, मग गुडघा,
मग सावकाश लेवी सातपुते,
हजेरीत नाव पुकारल्यासारखे.

‘रॉकेल मिळत नाही. बॅटरी वापरतो.’
कोणासाठी, असं घाटग्यानं विचारलं,
वाईट हेतू नव्हता त्याचा.
‘शेवटच्या फेरीला माणसं असतात.’
आपली?
म्हाताऱ्यानं खरंच आठवून पाहिलं.
‘विचारलं नाही कधी. शेवाळ असतं तिथे.’

पंखा तेवढा बोलत होता.

ठराव आला. सूचक, घाटगे.
अनुमोदनाला कोणाचा हात वर जाईना,
तेव्हा सातपुत्यांनीच काठी वर केली.
नियमात बसत नाही तर नाही, म्हणाले,
फक्त सहा वर्षांचे अठरा अठरा मी उचललेले नाहीत,
आवळे, ते पेटीत टाका.
आवळ्यांनी चष्मा पुसला, एकशे आठ असं लिहून घेतलं.

मला शब्द निवडायचा होता.
समिती मराठीत बरखास्तही होते, विसर्जितही.
बरखास्तला वर्दीचा वास येतो.
मी विसर्जित लिहिलं,
तो निदान पाण्यापर्यंत तरी जातो.

सभेची सांगता प्रार्थनेने. पुढची सभा फोंड्याला,
तारीख मागाहून.

‘पलीकडून आता कोणी येत नाही’
हे वाक्य मी एक काना न बदलता
लिहून घेतलं होतं.
मी माशेलची.

धक्क्यावर भरती होती, फेरी पलीकडून सुटलेली,
तिचा पिवळा दिवा पाण्यावर लांबट.
उतारावर मी कागदांची पिशवी सावरत होते
तेवढ्यात पायांपाशी उजेड पडला.

‘सातपुतेकाका, समिती संपली ना दुपारी?’

‘हो तर,’ म्हणाले,
आणि उजेड जरा पुढे सरकवला.
‘डावा पाय जपून.’