टिपेचा रंग

मुळात मिळतं ते पांढरं.
पांढरी पाटी, काळी अक्षरं,
दुपारी दोनच्या वाळूसारखी डोळ्यांत चावणारी.
वेंगुर्ला बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर,
मी सोसायटीचा जुना प्रोग्राम दुरुस्त करते:
कुठल्या होडीनं किती लाद्या नेल्या,
किती रोख, किती उधार.

आधी पाठ बदलली.
काळीकुट्ट नको होती,
बांगड्याच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या मध्ये असते ती हवी होती.
तिला नाव नाही.
सहा घरांचा एक आकडा आहे,
तो पहाटे अडीचला सापडला.

रकमांना पिकल्या काजूबोंडाचा पिवळा.
जर, नाहीतर, तोपर्यंत, या सगळ्यांना आगळाचा जांभळा.
होड्यांच्या नावांना शहाळ्याच्या आतला,
जेमतेम दिसेल इतका.

उरल्या टिपा.
यंत्र त्यांच्यावरून उडी मारून पुढे जातं.
त्या माणसानं माणसासाठी लिहायच्या,
आणि मिळतात त्या राखाडी, धुक्यात सोडल्यासारख्या.
दोन वर्षं मीही उडीच मारत आले.

खाली उघाडी साधून
बाबल मेतर उपडी होडी रंगवत होता.
कानावर विडी, मांडीवर निळे ओघळ.
पोटाला, जे पाण्याखाली जाणार त्याला, लाल:
दोन हात झालेले, तिसरा बाकी.
मी बोट लावून पाहिलं. म्हटलं,
हा तर कुणाला दिसणारसुद्धा नाही.
ब्रश न थांबवता म्हणाला,
"दिसाचो नाय म्हणान तर म्हाग आसा.
वयलो रंग लोकांका. ह्यो होडयेक."

वर येऊन टिपांना तो लाल दिला
तर पडदाभर चुकाच चुका,
कारण चुकांचा लाल आधीपासून ठरलेला.
चुका उचलून हळदीत टाकल्या.
मग वाचत बसले.

अ. ग. सातार्डेकर, २०११:
हा भागाकार काढू नये. का, ते मलाही कळलेलं नाही.
त्याखाली:
वाटेत बर्फ पाझरतो, शेकडा दोन लाद्या सोडाव्यात.
त्याच्या खूप खाली, एका होडीच्या नावाशेजारी:
ही परत आली नाही.
उधारी दाखवू नये. नाव पुसू नये.

ती अट
मी गेल्या महिन्यात फालतू म्हणून उडवली.
एकच ओळ होती, काही अडलं नाही,
प्रोग्राम उलट थोडा जोरात पळाला.
बिलं परवा छापून गेली,
पाकिटावर पत्ता केळूसचा, नाव मागे राहिलेल्या बाईचं.

केळूसची पहिली एसटी सव्वासहाला.
पोस्टमन त्या वाडीत किती वाजता पोचतो
ते कुणाला तरी विचारायला हवं.
अंगठ्याला मेतराचा लाल आहे अजून,
साबणानं दोनदा धुतला.