पाणी घातलेलं दूध

पहाटे साडेचारला मानेवाडा रोडवरून
दोनशे वीस पाकिटं उचलतो मी.
अठरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं
पातळ म्हणून पाकीट परत केलं नाही.

आणि आता रात्री, माझ्याच घरात,
सुगतच्या बाटलीत
चमच्यानं पाणी घालतो.
परवा एक चमचा, काल दोन.
तो ओढतो, थांबतो, माझ्याकडे बघतो.
अकरा महिन्यांचं गिऱ्हाईक,
तक्रारवही मागणारं.

श्रावस्तीच्या वेळी ठाऊक नव्हतं.
घरात दूध आहे, हीच आमची श्रीमंती.
कूलरच्या घरघरीत झोपायची ती,
तोंडात बाटली, बाटलीत दूध, दुधात दोन चमचे साखर,
आणि रंजू म्हणायची,
काढू नका, आत्ता कुठे डोळा लागला.
रात्रभर ते गोड दूध
तिच्या वरच्या चार दातांशी काय बोलत होतं,
कुणी ऐकलं नाही.

आधी हिरडीजवळ खडूची रेघ आली.
मग तीच रेघ चहाच्या रंगाची.
"दुधाचेच दात हायेत, पडतीनच नं," आत्या म्हणाली.
मलाही ते सोयीचं वाटलं.

दोन वर्षं आठ महिन्यांची होती.
डेंटल कॉलेजचा बाकडा, टोकन एक्काहत्तर.
"चॉकलेट देत नाही बरं आम्ही,"
मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.
डॉक्टरीण पोरगीच होती, डोळ्यांखाली जागरण.
तिनं एवढंच विचारलं, झोपताना काय देता?
मी पाकिटाचं नाव सांगितलं.
अभिमानानं.

आता पाचाची आहे. शाळेच्या फोटोत ओठ मिटून हसते.
भावाला थुगत म्हणते.

उन्हात बांधून बांधून विरलेल्या माझ्या दुपट्ट्याचा
एक तुकडा कापलाय रंजूनं, उकळून वाळवलाय.
बोटाला गुंडाळून हिरड्या पुसते.
खाली दोन दात, वर दोन फुटू घातलेले.
त्या दोघांसाठी ब्रश आलाय, माझ्या करंगळीएवढा.
पेस्ट तांदळाच्या दाण्याइतकीच, असं सांगितलंय,
म्हणून श्रावस्ती डब्यातून खरोखरचा दाणा आणते,
ब्रशजवळ धरते, डोळा बारीक करते.
"जाथ्त झालं, बाबा."
मी पुसून पुन्हा घेतो.

आज बाटलीत नुसतं पाणी होतं.
त्यानं ती भिरकावली. तासभर रडला.
शेजारच्या बोरकरांकडे दिवा लागला, विझला.
एकदा माझा हात फ्रिजकडे गेला होता,
खोटं कशाला सांगू.

मग खांद्यावरच झोपला, तोंड उघडं टाकून.
श्रावस्ती मोबाइलचा टॉर्च घेऊन आली,
एका बोटानं त्याचा ओठ हळूच उचलला,
बराच वेळ पाहत राहिली.
"पांढरे," म्हणाली,
आणि स्वतःचं तोंड मिटून घेतलं.

साडेचारला अजून अवकाश होता.
मी तसाच उभा राहिलो, त्याला घेऊन.