निदान रेषा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
आम्ही पाच जण तीन वर्षं एक मैदान बांधत होतो.
तेरा मीटर बाय दहा.
माती निखतची. गावोगावच्या मैदानांचे फोटो काढून
तिने ती रंगवली, खरी वाटेल अशी, फक्त न भिजणारी.
दम बाबी चिपकरांचा.
एकसष्टाव्या वर्षी, भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत
सदतीस सेकंद एका श्वासात त्यांनी कबड्डी घातली,
मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पुरो?"
नीट ऐकलं तर त्या आवाजामागे
खालचं बर्फ फोडायचं यंत्र आहे.
ते काढता येईना. मग राहू दिलं.

एक ऑगस्टला बंदी उठून बोटी सुटल्या,
त्याच रात्री बारा वाजता आमचा खेळ सुटला.
बारा वाजून नऊ मिनिटांनी
निदान रेषा ओलांडताना पहिल्या चढाईपटूचा पाय
घोट्यापर्यंत जमिनीत गेला.
मग गुडघ्यापर्यंत.
मग कमरेएवढा रुतलेला तो
हात पसरून, न थांबता, कबड्डी कबड्डी म्हणत राहिला
आणि पकडायला धावलेले तिघे त्याच्यातून आरपार.
पंचाने गुण दिला. कुणाला ते कळलं नाही.
उजाडेपर्यंत एकशे एकोणचाळीस रुपये परत मागणारे
चारशेवर गेले.

सकाळी दोष वाटायला बसलो.
गौरांग म्हणाला, प्रणिता, जमीन तुझी.
प्रणिता म्हणाली, जमीन माझी, तारीख तुझी.
गौरांग म्हणाला, तारीख पुण्याच्या माणसाची, पैसे त्याचे.
पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला, मी नुसतं विचारलं होतं.
निखतचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून ती जास्त रडली.
सायमनने पंखा बंद केला. परत लावला.
"निदान कुणीतरी बघायचं होतं," गौरांग म्हणाला.

बघणारा मी.
माझं काम तेच, खेळत राहायचं
आणि मोडेल ते लिहून ठेवायचं.
अकरा जूनला, लाईट जायच्या जरा आधी
मला तो पाय दिसला होता.
शंभरात एकदा. फक्त डावा.
वहीत लिहिलं: पाय रुततो.
पुढच्या रकान्यात: नंतर.
त्याच दिवशी गौरांगला मुलगी झाली, पेढे आले,
म्हटलं, कशाला आत्ता पाय आडवा घालू.

हे मी बोललो नाही.
प्रणिता दार आपटून गेली, तेव्हाही नाही.

दुपारी बाबी आले, नातवाच्या मोबाईलवर खेळून.
चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, मैदानाबाहेर काढतात तशा.
"मेल्याचो पाय जमनीत गेलो, तरी दम सोडूक नाय," हसले.
मग हसणं कुठेतरी अडलं.
"पण माझो दम संपना नाय, ह्या कसा?
माणसाचो दम संपता. म्हणान तर परत येवक लागता."
सदतीस सेकंदांचं टोक सायमनने सुरुवातीला जोडलं होतं,
इतकं सफाईने, की तीन वर्षांत
ते कुणालाच चूक वाटलं नव्हतं.

संध्याकाळी जेटीवर एक होडी लागली,
दीड टोपली बांगडा, बाकी नुसतं पाणी.
खलाशी वाऱ्याला, दर्याला, तांडेलाला, सगळ्यांना शिव्या देत होते,
देता देता डिझेलचा खर्च मात्र वाट्याने मोजत होते.
तांडेलाने दोन वाटे उचलले.
मी वही काखेत मारली आणि दाभोलीची रिक्षा धरली.

प्रणिताने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही.
मी अकरा जूनचं पान पुढे केलं.
तिने वाचलं. एकदा मनात,
मग मोठ्याने, फक्त शेवटचा शब्द.
आत कुकरची शिट्टी झाली.
"तिसरी," ती म्हणाली, वही हातातच ठेवून,
"थांब, गॅस बंद करून येते."