आतली कडी

कोठीच्या दाराला कडी होती, पण बाहेरून.
धान्याच्या कोठीला आतून कडी कोण लावतं?
तांदूळ काय दार लावून बसणार आहेत?

हे ध्यानात आलं सरावाच्या दिवशी.
जिल्ह्याहून आलेला माणूस, हातात छापील कागद,
आमच्या स्वयंपाकघरात घामाघूम उभा.
दिवे बंद. फोन मुके. मुलं मोजा. बोलू नका.
मी विचारलं, आणि गॅस?
त्याच्या कागदात गॅस नव्हता.
त्यानं पेनानं समासात लिहून घेतलं, तिरकं.
आम्ही सगळ्या हसलो,
इव्होनेची तर ठसका लागेपर्यंत.
सांता इरेनीत काय व्हायचंय?
इथं कोंबडी हरवली तरी पाद्री रविवारी जाहीर करतो.

हसला नाही तो दिर्सेउ, फाटकावरचा.
शनिवारी आला, स्वतःचा पेचकस घेऊन.
कडी आतून बसवली. चार स्क्रू, एक वाकडा गेला.
"राहू दे," म्हणाला, "धरतोय ना."
कॉफी प्यायला, तीन चमचे साखर घालून,
आणि गेला.

ऑगस्टातला मंगळवार. घेवडा अर्धा शिजला होता.
मी गॅस बंद केला.
पुढचं मला विचारू नका, पोलिसांना सांगून झालंय.
एवढंच, की तांदळाच्या पोत्यांमध्ये मुलं,
मी मोजली, अंधारात एकेका डोक्यावर हात ठेवून.
तेवीस.
पुन्हा मोजली, चोवीस भरली,
घाबरले, मग कळलं
या खेपेला मी स्वतःलाही धरलं होतं.
वांदेर्लेईनं मोठी पळी छातीशी कवटाळलेली.
दाराला धक्का बसला.
मग आणखी एक.
कडीनं धरलं.

फाटकावर मात्र दिर्सेउ राहिला नाही.

सहाव्या दिवशी आम्हाला आत सोडलं.
पातेल्यात घेवडा आंबून वर आलेला, पांढरा फेस.
तो खरवडताना मी पहिल्यांदा रडले,
लाज वाटली, की माणसासाठी नाही
आणि घेवड्यासाठी रडतेय.

शाळा उघडली तेव्हा ताइनारा आली, शहरातून, मानसतज्ज्ञ म्हणून.
मला वाटलं आता प्रश्न विचारेल.
ती पाटावर बसली आणि लसूण सोलायला लागली.
मुलं एकेक करून येऊन बसली.
ती लसणीच्या पाकळ्यांशी बोलायची,
ताइनारा ऐकायची.

कुकरची शिट्टी झाली पहिल्याच दुपारी.
अकरा मुलं टेबलाखाली.
जांदिराच्या पायाखाली ओलं.
त्या संध्याकाळी मी कुकर कपाटावर चढवला,
तोंड भिंतीकडे करून, शिक्षा केल्यासारखा.
मग रोज चारला उठायचं,
रात्रभर भिजलेला घेवडा उघड्या पातेल्यात,
ढवळत बसायचं उजाडेपर्यंत.
सप्टेंबर गेला. बाहेरचं इपेचं झाड पिवळं होऊन झडून गेलं,
मी पाहिलं नाही.

नोव्हेंबरात जांदिरा ताट घेऊन आली.
"मावशी, घेवडा कचकच लागतो."
म्हटलं, कुकर नाही ना.
विचार केला तिनं, जीभ गालात घालून.
"मग सांगून वाजव."

आता मी दारात येऊन ओरडते, "शिट्टी येतेय!"
आणि सगळं पटांगण उलट ओरडतं, "येऊ दे!"
दोघे-तिघे अजून कान झाकतात.
झाकू देत.

परवा तो जिल्ह्याचा माणूस पुन्हा आला.
नवा कागद. सातव्या ओळीवर छापील अक्षरात
गॅस बंद करणे.
कुणी हसलं नाही. तोही माझ्याकडे बघेना.
बरोबर सुतार होता, कोवळा, मिशी नुकतीच फुटलेली.
कडीवर बोट फिरवून म्हणाला,
हा वाकडा स्क्रू काढतो, नवा सरळ घालतो.
मी त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले.
म्हटलं, आधी कॉफी घे.
साखर किती?